नामदार गोखल्यांची तालीम

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपल्या घरांतून आता फारसे निघत नाही. पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगितले तर तो दोनदा विचारील. शाळेच्या पुस्तकात ते गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून एका ओळीत भेटतात आणि मवाळ या शब्दाशी जोडले जाऊन मागे पडतात. मवाळ म्हणजे अर्जविनंत्या करणारे, अशी आपली सर्वसाधारण समजूत.

मी या माणसाकडे वळलो तो राजकारणाच्या वाटेने नव्हे. माझी सगळी नोकरी फायलींवर टिपणी लिहिण्यात गेली. एखादा खर्च मंजूर व्हावा, एखादा जुनाट नियम बदलावा, चार माणसे वाढवून मिळावीत, यासाठी वरच्या साहेबांना पटेल असे कागदावर मांडायचे, हे माझे काम. रास्त मागणी केवळ नीट मांडली नाही म्हणून परत आलेली मी पाहिली आहे आणि सामान्य मागणी मांडणीच्या जोरावर मंजूर झालेलीही पाहिली आहे. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला एकदा सांगितले, मुद्दा मांडायला शिकायचे असेल तर गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे वाच. ती वाचता वाचता मी त्यांच्या चरित्राकडे गेलो आणि लक्षात आले की ही विद्या घेऊन काही ते जन्माला आले नव्हते. ती त्यांनी काम करता करता, गुरूंच्या हाताखाली आणि एका जीवघेण्या मानहानीतून मिळवली. ती हकीगत आज सांगायची आहे.

गणिताचा मास्तर

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या, गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचा संसार. पैशापैशाचा हिशेब हा गोखल्यांच्या आयुष्यात असा लहानपणीच आला. पुढे साम्राज्याच्या कोटींचा हिशेब मांडताना मिठाच्या चिमटीवरची त्यांची नजर कधी ढळली नाही, त्याचे मूळ मला या ८ रुपयांत दिसते.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि लगेच पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर मास्तर म्हणून लागले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, गरज पडेल तो विषय. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर शाळाशाळांतून लागले आणि त्यांना त्याचे नियमित उत्पन्न मिळू लागले. कॉलेजच्या इमारतीसाठी सुटीत गावोगाव हिंडून त्यांनी वर्गणी गोळा केली. वर्गणी मागणे ही तरी दुसऱ्याला पटवण्याचीच परीक्षा, आणि तिचा निकाल तिथल्या तिथे लागतो!

मात्र त्या वयातले गोखले वक्ते म्हणून मोठे नव्हते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारखा सभा हलवणारा आवाज त्यांच्याजवळ नव्हता. जवळ होते ते पाठांतर, कष्टाची तयारी आणि गणिताच्या मास्तराची ती सवय: एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाऊल ठेवायचे नाही.

रानड्यांच्या हाताखाली

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या तरुण मास्तराला हेरले. १८८७ मध्ये सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले आणि मग १९०१ मध्ये रानडे वारले तोपर्यंत, म्हणजे सुमारे १४ वर्षे, ही तालीम चालली. तालीम हाच शब्द इथे योग्य. रानडे सरकारी अहवालांचे गठ्ठे पुढे टाकीत. सारा, दुष्काळ, जंगल, मीठ, लष्कराचा खर्च असे विषय असत. अहवाल वाचायचा, त्यातले आकडे काढायचे, मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडायचे आणि सभेच्या वतीने सरकारला पाठवायच्या अर्जाचा मसुदा करायचा. मग तो मसुदा रानड्यांपुढे ठेवायचा आणि त्यांच्या कसोटीला उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचा.

गोखल्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली एक आठवण आहे. खूप कष्ट घेऊन तयार केलेल्या अर्जांना सरकारकडून दोन ओळींची पोच यायची. तरुण गोखले वैतागले आणि या खटाटोपाचा उपयोग काय, असे त्यांनी रानड्यांना विचारले. रानड्यांचे उत्तर असे होते, की हे अर्ज नावाला सरकारच्या पत्त्यावर जातात, खरे तर ते आपल्याच लोकांसाठी असतात. सार्वजनिक प्रश्नाचा विचार कसा करावा हे लोकांना त्यातून शिकायचे आहे. या देशात असे राजकारण नवीन आहे, त्यामुळे फळाची वाट न पाहता अनेक वर्षे हे काम करावे लागेल.

टिपण्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे उत्तर फार धीर देते. आपली टिपणी एका साहेबासाठी असते असे आपल्याला वाटते. पण साहेब बदलतात आणि फाईल राहते. पाच वर्षांनी ती कोणीतरी दुसराच उघडतो, आणि तेव्हा आपण मांडलेले कारण त्याला पटावे लागते.

दुसरे गुरू होते गणेश व्यंकटेश जोशी. त्यांचे नाव आज फारच थोड्यांना माहीत असेल. ते सरकारी शिक्षण खात्यात, सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे लेख सभेच्या त्रैमासिकात नावाशिवाय छापले जात. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची जेवढी माहिती या गृहस्थांना होती, तेवढी तेव्हा फारच थोड्यांना असेल. गोखले मोठ्या कामाआधी जोशींकडे धाव घेत, टिपणे मागवीत, शंका विचारीत. पुढे देशभर कीर्ती झाल्यावरही त्यांनी हे सोडले नाही. आपल्याला काय येत नाही हे ओळखून, ते ज्याला येते त्याच्याकडे बिनदिक्कत जाणे, हा त्यांच्या तयारीचा अर्धा भाग होता.

या तयारीची पहिली मोठी परीक्षा १८९७ मध्ये झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायतेत वेल्बी कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे साक्ष द्यायला दक्खन सभेने गोखल्यांना पाठवले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर हे बाकीचे साक्षीदार वयाने आणि नावाने मोठे. गोखले ३० वर्षांचे. वाटेत फ्रान्समध्ये कॅले इथे ते पडले आणि छातीला जबर मार बसला. तरीही एप्रिलमध्ये त्यांनी लेखी निवेदन आणि तोंडी साक्ष, दोन्ही दिली. लष्करावरचा खर्च, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, विलायतेला जाणारा पैसा यांबद्दल कमिशनच्या सभासदांनी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले. ते अडखळले नाहीत, कारण त्यांचा प्रत्येक आकडा सरकारच्याच कागदांतून घेतलेला होता. तो खोटा म्हणायचा तर सरकारला स्वतःचेच कागद खोटे म्हणावे लागले असते.

इथपर्यंत सगळे नीट होते. पण मुद्दा सिद्ध करणे म्हणजे काय, याचा खरा धडा पुढच्या चार महिन्यांत मिळायचा होता.

माफीचा ऑगस्ट

त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोग्यांच्या शोधासाठी प्लेग कमिशनर रँड यांच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. देवघरापासून माजघरापर्यंत सगळे उघडे पडत होते. पुण्यातल्या विश्वासू मित्रांची पत्रे विलायतेत गोखल्यांच्या हाती पडत होती. त्यांतल्या काही पत्रांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आणि त्यांपैकी एकीने जीव दिल्याचे लिहिलेले होते. गोखल्यांचे मन पेटून उठले. त्यांनी ही हकीगत मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला सांगितली आणि पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही मांडली.

तिकडे गदारोळ झाला. भारतमंत्र्यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली, सरकारने आरोप साफ फेटाळला. मग २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सगळे वातावरणच बदलले. धरपकड सुरू झाली. नातू बंधूंना चौकशीशिवाय अडकवण्यात आले. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. अशा दिवसांत गोखल्यांची बोट मुंबईला लागली आणि पोलीस कमिशनर त्यांना भेटायला थेट बोटीवर आले.

गोखल्यांनी पुरावा मिळवायची धडपड केली. पण आता बोलायला कोण पुढे येणार? ज्या घरात असे काही घडले त्या घराने ते चारचौघांत सांगायचे, ही त्या काळी आणि त्या दहशतीत अशक्य गोष्ट होती. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांनाही समोर येणे जमेना. गोखल्यांनी त्यांतल्या एकाचेही नाव सांगितले नाही. ते सांगितले असते तर स्वतःची सुटका झाली असती, पण मित्र तुरुंगात गेले असते. शेवटी ४ ऑगस्ट १८९७ च्या सुमारास त्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. आरोप मागे घेतला, गव्हर्नरांची, प्लेग समितीची आणि सोल्जरांचीही क्षमा मागितली.

गोरे त्यांना खोटारडा म्हणू लागले, आपले लोक भित्रा म्हणू लागले. काँग्रेसमध्येही पुढची काही वर्षे त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिले गेले. ही माफी मागावी की मागू नये, यावर आजही दोन मते होऊ शकतात. सोल्जरांच्या वागणुकीबद्दल पुण्यात तक्रारींचा पाऊस पडला होता, गोखल्यांनी काही हवेतून गोष्ट रचली नव्हती. मलाही ते वाचताना वाटते की इतकी सपशेल माफी कशाला? पण दुसऱ्या बाजूने पाहिले की त्यांचे म्हणणे समजते. आरोप सिद्ध करता येत नसेल तर तो करण्याचा हक्क आपल्याला नाही, मग मनात खात्री असो वा नसो. आपली खात्री ही आपल्यापुरती असते, ऐकणाऱ्याला पुरावा लागतो.

कोणत्याही कचेरीत हा प्रसंग लहान प्रमाणात रोज घडतो. अमक्या खात्यात गैरव्यवहार चालतो हे दहा जणांना ठाऊक असते, दहाही जण चहाच्या टेबलावर ते बोलतात. अकरावा भाबडेपणाने ते लिहून देतो आणि चौकशीच्या दिवशी त्या दहांपैकी एकही जण जागेवर नसतो. बोलणारा खरे बोलत असूनही हरतो. एवढेच नव्हे, पुढे त्याने कितीही खरे सांगितले तरी लोक आधी मागची आठवण काढतात.

गोखले खचले, पण बसून राहिले नाहीत. पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा स्वयंसेवक घेऊन ते रोग्यांच्या सेवेत उतरले. आणि एक गोष्ट त्यांच्या पुढच्या भाषणांत सारखी दिसते: ज्याचा कागद दाखवता येणार नाही असे वाक्य ते उच्चारीत नाहीत.

सात कोटींची शिल्लक

१८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि १९०१ मध्ये फिरोजशहा मेहता यांच्या जागी कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात. तिथला रिवाज समजून घेतला पाहिजे. सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. सरकारने मांडलेला एक रुपयाही त्यांना बदलता येत नव्हता. त्यामुळे बहुतेक सभासद चार गोड शब्द बोलून अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत आणि खाली बसत. तयारीला मिळत ते मोजके दिवस.

२६ मार्च १९०२ रोजी, अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन असताना, ३५ वर्षांचे गोखले उठले. सरकारने सुमारे ७ कोटींची शिल्लक दाखवली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मांडली होती. या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही, असे सांगूनच गोखल्यांनी सुरुवात केली.

त्यांचा युक्तिवाद सोपा करून सांगतो. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत मोठी रक्कम द्यावी लागे. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला. १८९४-९५ च्या सुमाराला तो जेमतेम १३ पेन्सांचा राहिला, म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागले. ही तूट भरायची म्हणून कर वाढवले गेले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या आणि काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला. आता पौंड १५ रुपयांत मिळू लागला. विलायतेला पाठवायच्या पैशात दरवर्षी कोट्यवधी रुपये वाचू लागले. पण ज्या तुटीसाठी कर वाढवले होते ती गेली, तरी कर तसेच राहिले. शिल्लक होती ती त्यामुळे. त्याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, देशाने दोन भयंकर दुष्काळ पाहिले होते.

घरातले उदाहरण द्यायचे तर असे. आजारपणाचा खर्च आला म्हणून कर्त्याने सगळ्या भावांकडून दरमहा जास्त पैसे घ्यायला सुरुवात केली. आजारी माणूस बरा झाला, पैसे मात्र चालूच राहिले. वर्षअखेर पेटीत रक्कम दिसली तेव्हा कर्ता म्हणाला, पाहा आपले घर किती सुखी आहे! आणि भावांच्या घरी तर मुलांना पोटभर नाही.

या भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, आकडे सगळे सरकारचे. शिल्लक किती यावर वाद नाही, ती कशामुळे आली एवढाच प्रश्न. दुसरी गोष्ट, सरकारच्या बाजूने जे सर्वांत भक्कम म्हणणे असू शकते तेच त्यांनी आधी हाती घेतले. जमा वाढली म्हणजे रयत सुखी झाली, हे ते म्हणणे. मिठाचा खप पाहा, शेतीची स्थिती पाहा, मग सांगा, असे ते उत्तर देतात. तिसरी गोष्ट, शेवटी मागणी मोघम नाही. मिठाचा कर कमी करा, लहान उत्पन्नावरचा प्राप्तिकर काढा, कापडावरची जकात उठवा, अशी ती नेमकी आहे. होय किंवा नाही म्हणता येईल अशी मागणी समोर ठेवली की ऐकणाऱ्याला निसटायला जागा राहत नाही. आणि चौथी, आवाज कुठेही चढलेला नाही. कर्झन यांच्यासारख्या अभिमानी माणसालाही रागवायला निमित्त मिळू नये इतका तो संयत आहे.

या भाषणाने पाच वर्षांपूर्वीचा डाग पुसला आणि गोखले देशभर गाजले. पुढे जवळजवळ दरवर्षी अंदाजपत्रकावरचे त्यांचे भाषण लोक वाट पाहून वाचीत. १९०३ मध्ये मिठाचा कर २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. प्राप्तिकराची किमान मर्यादा १९०३ मध्ये ५०० वरून १००० रुपयांवर गेली. हे सगळे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. सरकारच्या तिजोरीत पैसा होता आणि इतरही अनेक जण तेच मागत होते. पण मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभागृहात, केवळ कारणे देऊन, जेवढे मिळवता येते तेवढे या माणसाने मिळवले. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ स्वस्त झाले, हे काही थोडे नाही.

जिथे युक्तिवाद थांबतो

गोखल्यांची तयारी किती कसून असे, याचे वर्णन गांधीजींनी लिहून ठेवले आहे. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथल्या हिंदी मजुरांवर माणशी ३ पौंडांचा जाचक कर होता. जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांच्याशी प्रिटोरियात बोलणी ठरली. त्याआधी त्यांनी गांधीजींकडून तिथल्या हिंदी लोकांच्या प्रश्नाचा सगळा इतिहास टिपणांत करून घेतला, एकेक मुद्दा खोदून विचारला, रात्र जागून काढली आणि बरोबरच्यांनाही जागवले. याच दौऱ्यात काही ठिकाणी ते गांधीजींच्या आग्रहावरून मराठीत बोलले आणि मराठी फारसे न येणाऱ्या गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले, हीही एक गंमत.

बोलणी करून आलेल्या गोखल्यांना खात्री वाटत होती की कर जाणार. गांधीजींना शंका होती. तीच खरी ठरली. पुढच्या वर्षी स्मट्स यांनी कर काढता येत नसल्याचे सांगितले. मग १९१३ चा मोठा सत्याग्रह झाला, हजारो मजूर रस्त्यावर आले, आणि १९१४ मध्ये कर रद्द झाला. उत्तम तयारी, उत्तम मांडणी, समोरच्याने मान डोलावली, पण हाती कागद नाही. नोकरी केलेल्या कोणालाही हे दुखणे नवे नाही!

इथे टिळकपक्षाचा आक्षेप आठवतो. ज्याचे हित तुमचे नुकसान करण्यात आहे त्याला कारणे देऊन काय पटणार, त्यामागे लोकांचा रेटा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे होते, आणि आफ्रिकेत ते सिद्धही झाले. पण मला असेही दिसते की रेटा लावल्यावर नेमके काय मागायचे, किती मागायचे आणि ते देणे शक्य कसे आहे, हे कोणीतरी आधी मांडून ठेवलेले असावे लागते. त्या दोन कामांना एकमेकांची गरज असते.

गोखल्यांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा युक्तिवाद प्राथमिक शिक्षणाचा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी मुद्दाम लहान ठेवली होती. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जातात आणि जिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवे असेल, अशाच ठिकाणी, सुरुवातीला ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती. दरमहा १० रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या घरांना फी माफ. इंग्लंडने काय केले, जपानने काय केले आणि आपल्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी काय करून दाखवले, हे सगळे त्यांनी पुढे ठेवले. पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांना नको आहे, या प्रत्येक हरकतीला त्यांच्याजवळ उत्तर होते.

मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. विधेयक निवड समितीकडे पाठवावे एवढीच विनंती होती. ती ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. सरकारी सभासदांचे बहुमत होते आणि काही बिनसरकारी सभासदांनीही साथ दिली नाही. गोखल्यांना हे आधीच ठाऊक होते आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले होते. तरी भाषणाच्या तयारीत त्यांनी तसूभर कसूर केली नाही.

हरणार हे ठाऊक असताना माणूस इतका कष्ट का घेतो? याचे उत्तर रानड्यांनी बरेच आधी देऊन ठेवले होते. अर्जावर नाव सरकारचे असते, तो वाचायचा असतो दुसऱ्यांनी. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा त्यांनी नव्या सभासदांसाठी पाच वर्षांचे शिक्षण ठेवले, ते याच विचाराने. आधी वाचा, फिरा, आकडे जमवा, मग बोला. १९१५ च्या सुरुवातीला गांधीजी हिंदुस्थानात परतले तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी एक वर्षभर देश पाहण्याचा आणि जाहीरपणे न बोलण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी तो पाळला. सल्ला देणारा मात्र ते वर्ष पाहायला राहिला नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात गोखले वारले.

त्यांच्या मागे तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा झाला. २००२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ३८ विरुद्ध १३ या निकालानंतर मध्ये ९८ वर्षे गेली. त्या ३८ जणांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत. पण त्या दोन दिवसांच्या चर्चेत खर्चाच्या, शिक्षकांच्या आणि पालकांच्या ज्या हरकती निघाल्या, त्याच पुढे जेव्हा जेव्हा हा विषय निघाला तेव्हा पुन्हा निघाल्या, आणि त्यांची उत्तरे एका गणिताच्या मास्तराने लिहून ठेवलेली होती.